खाम नदीकाठची पाणचक्की
एका जुन्या जलयंत्राचा इतिहास आणि त्यापासून घ्यावयाचा बोध

दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात कोंबडा आरवण्याच्या सुमारास जात्याची घरघर ऐकू येत असे. दिवसभराच्या भाकरीपुरते पीठ दळून झाल्याखेरीज घरातील बाईचा दिवस सुरूच होत नसे. दळण हे शेतीच्या कामात कोणी मोजले नाही. परंतु शेतात पिकलेला दाणा मनुष्याच्या पोटात जाण्यापूर्वी त्यावर जे शेवटचे व अतिशय कष्टाचे काम होत असे, ते हेच होय. पुढे खेडोपाडी तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरण्या आल्या, त्यांच्यामागून विजेच्या आल्या, आणि जाते हळूहळू घराच्या कोपऱ्यात सरकले.

परंतु इंजिन आणि वीज येण्याच्या फार पूर्वी, याच महाराष्ट्राच्या भूमीवर, मनुष्याचे अथवा बैलाचे बळ न वापरता केवळ वाहत्या पाण्याच्या जोरावर धान्य दळले जात होते. छत्रपती संभाजीनगर येथे (हे शहर २०२३ पर्यंत औरंगाबाद या नावाने ओळखले जात असे) खाम नदीच्या काठावर उभी असलेली पाणचक्की हे त्याचे ठळक उदाहरण आहे. बीबीचा मकबरा पाहावयास येणारे हजारो प्रवासी ही चक्कीही पाहून जातात. हौदात कोसळणारी पाण्याची धार पाहून त्यांना कौतुक वाटते. तथापि शेतकऱ्याने आणि ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने ही चक्की निराळ्या दृष्टीने पाहावयास हवी. पाणी कोठून आणावे, ते किती वेळा उपयोगात आणावे, आणि आणलेले पाणी टिकविण्यासाठी काय करावे लागते, या तिन्ही गोष्टींचा धडा या एका ठिकाणी मिळतो.

नदी जवळ, पाणी दूर

चक्कीपाशी उभे राहिल्यावर कोणाचाही सहज असा समज होतो की, ज्या अर्थी ही चक्की नदीकाठी आहे त्या अर्थी ती नदीच्या पाण्यावर चालत असली पाहिजे. वस्तुस्थिती तशी नाही. खाम नदी चक्कीला लागूनच वाहते, परंतु चक्की फिरविणारे पाणी त्या पात्रातून उचललेले नाही. ते शहराच्या उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूने, सुमारे आठ किलोमीटर अंतरावरून, जमिनीखालून घातलेल्या मातीच्या नळांतून आणलेले आहे. चक्कीचे काम करून झाल्यावर मात्र तेच पाणी शेवटी खामेला मिळते.

असे का केले असावे, हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या भागात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. येथील नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि फाल्गुन-चैत्रात त्यांचे पात्र उघडे पडते. हिमालयाच्या पायथ्याशी ओढ्याचे पाणी पन्हळीने वळवून घराट चालवितात, कारण तेथील ओढ्यांना बारमाही पाणी असते. दख्खनच्या पठारावर नदीत चाक सोडले असते, तर ते पुरात वाहून गेले असते आणि उन्हाळ्यात कोरडे पडले असते. हे दोन्ही धोके ओळखून ज्यांनी ही योजना आखली, त्यांनी नदीच्या वाहत्या पाण्यावर विसंबून न राहता डोंगराच्या पोटात मुरलेले पाणी गाठले. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकाच्या भेगांतून सावकाश झिरपते आणि पाऊस संपल्यावरही काही महिने झऱ्याला पुरते. हाच या योजनेचा खरा पाया होय.

शहराच्या नहरी

ही कल्पना एकाएकी निर्माण झालेली नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर वसविले. एवढ्या मोठ्या वस्तीस पाणी पुरविण्यासाठी त्याने त्याच दशकात डोंगराकडील भूगर्भातील पाणी बोगद्यांतून व दगडी नाल्यांतून शहरात आणले. ती योजना ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. विशेष हे की, पाणी उचलण्यासाठी त्यात कोठेही मोट अथवा रहाट लागत नव्हता. जमिनीचा उतार पाहून पाणी आपल्या आपण वाहत येईल अशी आखणी केली होती. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा येथे आला आणि शहरास त्याचे नाव मिळाले. वस्ती वाढली, लष्कराचा तळ वाढला, आणि अंबरी नहरीच्या धर्तीवर आणखी नहरी तयार होत गेल्या.

अशा प्रकारची कामे त्या काळात इतरत्रही होत होती. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर येथे १६१५ च्या सुमारास सातपुड्यातून झिरपणारे पाणी एकमेकांस जोडलेल्या कुंड्यांच्या मालिकेने शहरात आणले गेले. ते ‘कुंडी भंडारा’ म्हणून आजही पाहावयास मिळते. पुण्यात नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात खेळविले गेले. दख्खनमध्ये पाण्यासाठी दूरवर जाणे, आणि आणलेल्या पाण्याची जपणूक करणे, हे राज्य कोणाचेही असो, करावेच लागत होते.

पाणचक्कीची नहर ही या परंपरेतीलच आहे. ज्या आवारात ती आहे, तेथे बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूचा दर्गा आहे. ते मध्य आशियातील बुखाऱ्याच्या बाजूचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्यामागून ते दख्खनमध्ये आले आणि खाम नदीच्या काठी त्यांनी आपला तकिया म्हणजे मठ स्थापन केला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी पुढे अनेक वर्षे तकियाचा कारभार सांभाळला. मशीद, मदरसा, कचेरी, धर्मशाळा अशा बहुतेक इमारती निजाम-उल्-मुल्क आसफजाह याच्या पदरीच्या तुर्कताजखान या सरदाराने बांधविल्या आणि समोरचा लांबट हौद व कारंजी त्यानंतर जमीलबेगखान याने करविली, असे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. गॅझेटियर या बांधकामांचा काळ १६९५ च्या सुमाराचा देते, तर चक्कीच्या संबंधात १७४४ हे सालही सांगितले जाते. सारांश, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, सुमारे पन्नास वर्षांच्या अवधीत, टप्प्याटप्प्याने हे सर्व काम उभे राहिले असे मानावयास हरकत नाही. मोठे पाणकाम बहुधा असेच होते. एक पिढी पाणी आणते, दुसरी हौद बांधते आणि तिसरी त्यांवर बाग फुलविते.

नळाची रचना

उगमापाशी विहिरीत गोळा झालेले पाणी मातीच्या भाजलेल्या नळांत सोडले आहे. हे नळ एकात एक बसवून, सांधे चुन्याने बंद करून, जमिनीखाली गाडलेले आहेत. जमिनीखालील नळाचे लाभ तीन. उन्हाने पाणी आटत नाही; त्यात पालापाचोळा व घाण पडत नाही; आणि जनावरांच्या पायांखाली पाट फुटण्याचे भय राहत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाटातून आठ किलोमीटर पाणी न्यावयाचे झाल्यास त्यातील किती हाती लागेल, याचा अंदाज ज्याने पाटाचे पाणी शेतास दिले आहे त्याला सहज करता येईल.

बंद नळातून पाणी नेताना दोन अडचणी येतात. पहिली अडचण हवेची. नळ जेथे उंचवट्यावरून जातो तेथे हवा कोंडते आणि ती पाण्याची वाट अडविते. दुसरी अडचण गाळाची. पाणी जेथे संथ होते तेथे गाळ बसतो आणि नळाचे तोंड लहान होत जाते. यावर उपाय म्हणून अशा नहरींच्या मार्गावर ठिकठिकाणी दगड-चुन्याचे उंच मनोरे बांधलेले असतात. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते, पाण्याचा दाब कळतो आणि गाळ काढण्यास जागा मिळते. पुण्याच्या कात्रज नळावरील अशा बांधकामांना ‘उच्छ्वास’ असे नाव आहे. नळालाही श्वास घ्यावा लागतो, हे ज्या कारागिरांनी ओळखले त्यांनी किती समर्पक नाव दिले! आज प्लॅस्टिकची नळवाहिनी घालतानाही उंचवट्यावर हवेची झडप आणि सखल जागी गाळ काढण्याची झडप बसवावी लागते. साहित्य बदलले आहे, नियम तोच आहे.

शेवटच्या टप्प्यात हे पाणी उंच भिंतीवर चढते आणि तेथून सुमारे वीस फुटांवरून खाली कोसळते. पाणी वर कसे चढते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु उगमाची पातळी शेवटच्या भिंतीपेक्षा अधिक उंच असल्यामुळे, मधल्या सखल भागातून बंद नळाने गेलेले पाणी पुन्हा जवळजवळ आपल्या मूळ पातळीपर्यंत चढू पाहते. नळाच्या आतील घर्षणामुळे थोडी उंची कमी होते, एवढेच. रबरी नळीचे एक टोक पाण्याने भरून उंच धरले तर दुसऱ्या टोकातील पाणीही तितकेच चढते, हा प्रयोग शाळेतील कोणताही मुलगा करून पाहू शकेल. या कामातील कठीण भाग हा नियम ठाऊक असण्याचा नव्हता. आठ किलोमीटरच्या उंचसखल जमिनीवर उताराचा अचूक अंदाज घेणे आणि एकाही सांध्यातून पाणी न गळू देणे हा होता.

चक्की कशी फिरते

चक्कीचे यंत्र अत्यंत साधे आहे. ज्यांनी घरचे जाते पाहिले आहे त्यांना ते लगेच समजेल. जात्याप्रमाणेच येथेही दगडाच्या दोन तळ्या असतात. खालची तळी स्थिर असते व वरची फिरते. फरक इतकाच की, जात्यात वरच्या तळीला खुंटा असतो व तो हाताने ओढावा लागतो. चक्कीत वरच्या तळीच्या मध्यास एक उभा दांडा जोडलेला असतो. हा दांडा खालच्या तळीच्या छिद्रातून खाली उतरतो आणि त्याच्या बुडाशी आडवे पाते असलेले चाक बसविलेले असते. उंचावरून जोराने आलेले पाणी पात्यांवर आदळले की चाक फिरते, चाकाबरोबर दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर वरची तळी फिरू लागते. मधे दात्याचे चाक नाही की पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचाही एक फेरा.

वर तिफणीच्या चाड्यासारखे एक पात्र असते. त्यातून दाणे तळीच्या तोंडात थोडे थोडे पडतात. जात्यावर बसलेली बाई जशी मूठमूठ वैरण घालते, तेच काम हे पात्र करते. वैरण अधिक झाली तर पीठ भरड पडते आणि कमी झाली तर दगडावर दगड घासून कच पिठात उतरते. दोन्ही तळ्यांमधील अंतर कमी-जास्त करून भरड अथवा बारीक दळता येते. अशा चक्कीचा वेग इंजिनाच्या गिरणीपेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे पीठ फारसे तापत नाही. तळ्या गुळगुळीत झाल्या म्हणजे जात्याप्रमाणेच त्यांनाही टाकी लावून घ्यावी लागते.

पाण्याचा जमाखर्च

पाण्यापासून किती बळ मिळते, याचा हिशेब कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस अवश्य करून दाखवावा. तो सोपा आहे. दर सेकंदाला पडणारे पाणी लिटरमध्ये मोजावे, ते किती मीटर उंचीवरून पडते ते पाहावे, या दोन आकड्यांचा गुणाकार करावा आणि त्यास सुमारे दहाने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पाण्यातील शक्ती वॉटमध्ये होय. उदाहरणार्थ, दर सेकंदास दहा लिटर पाणी सहा मीटरवरून, म्हणजे सुमारे वीस फुटांवरून, पडत असेल, तर ती शक्ती सुमारे ६०० वॉट झाली. साध्या चाकाला यातील अर्धीच शक्ती लाभते असे धरले, तरी ३०० वॉट प्रत्यक्ष कामास मिळतात. सशक्त मनुष्य दीर्घ वेळ काम करीत राहिला तर सुमारे ७५ वॉट इतके बळ देऊ शकतो. म्हणजे एवढेसे पाणी चार माणसांचे काम करते. आणि ते थकत नाही, रात्री झोपत नाही, की सणावाराला सुट्टी मागत नाही.

हा हिशेब इथेच संपत नाही. चाकावरून गेलेले पाणी खर्च झालेले नसते. त्याची केवळ उंची खर्च झालेली असते. दर सेकंदास दहा लिटर म्हणजे दिवसाकाठी आठ लक्ष चौसष्ट हजार लिटर. पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यावयाची असे धरल्यास तेवढ्या पाण्यात दररोज दीड हेक्टराहून अधिक क्षेत्र भिजू शकते. चक्कीच्या आवारातील रचना याच विचाराने केलेली दिसते. वरून पडलेले पाणी प्रथम दृष्टीस आनंद देते, चक्की फिरविते, मग सुमारे १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद अशा हौदात साठते, कारंज्यांतून उडते, तेथून झाडांना मिळते आणि अखेर नदीत जाते. हौदाच्या तळाखाली भक्कम खांबांवर उभे असलेले मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. माथ्यावर पाणी असल्याने भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. एकाच पाण्याकडून इतकी कामे करून घेणाऱ्याला काटकसरी शेतकऱ्याची दृष्टी होती, असेच म्हणावे लागेल.

पीठ कोणासाठी?

तकियात येणारे यात्रेकरू व साधूंचे शिष्य यांच्यासाठी, तसेच शहरातील लष्करासाठी, या चक्कीवर धान्य दळले जात असे. मदरशाचे विद्यार्थी, वाटसरू, फकीर, रोगी अशा सर्वांना जेथे दोन वेळा अन्न द्यावयाचे तेथे पिठाची गरज किती असेल, याची कल्पना सहज करता येईल. एवढे दळण जात्यावर काढावयाचे म्हणजे कित्येक बायांना पहाटेपासून खुंटा धरावा लागला असता. ते श्रम पाण्याने वाचविले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतके उपयुक्त यंत्र शहरात चालू असूनही ते आसपासच्या खेड्यांत पसरले नाही. उताराचे व बारमाही पाणी प्रत्येक गावी नव्हते, हे एक कारण. परंतु तेवढेच नव्हे. आठ किलोमीटरची नहर बांधण्यास सरदाराचे द्रव्य लागले. खेड्यातील बाईचे श्रम वाचावेत म्हणून तसा खर्च करणारा कोणी नव्हता. त्या श्रमांना किंमतच नव्हती. म्हणून शहरात चक्की फिरत राहिली आणि वेशीबाहेर जाते. सुधारणा चांगली असणे पुरेसे नाही. ती सामान्य कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावी लागते. विस्तारकार्य म्हणतात ते हेच.

चक्की का थांबते?

आज ही चक्की मुख्यतः पाहण्याची वस्तू म्हणून राहिली आहे. नळाला पाणी असले म्हणजे धार पडते. अवर्षणाच्या वर्षी हौद कोरडा पडलेलाही शहराने पाहिला आहे. तीनशे वर्षे चाललेले पाणी का कमी व्हावे, याची कारणे शोधली असता ती कोणत्याही गावाला लागू पडतील अशी आहेत.

पहिले कारण असे की, ज्या डोंगरउतारावर पाऊस मुरत होता तेथील झाडे व गवत कमी झाले आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाऊ लागले. दुसरे, वस्तीसाठी खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या. भूजलाची पातळी खाली गेली, आणि जो झरा उतारावर आपण होऊन वाहत होता त्यास पाणीच पुरेनासे झाले. तिसरे, शहर वाढत गेले तशी जुन्या नहरींच्या मार्गावर घरे उठली, रस्ते झाले, पायाच्या खोदकामात नळ फुटले, आणि मनोरे पडले तरी त्यांची विचारपूस झाली नाही. चौथे कारण सर्वांत मोठे आहे. पैठण येथील जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि गोदावरीचे पाणी नळाने शहरात येऊ लागले. त्यामुळे जुन्या नहरींची निकड संपली. ज्याची निकड संपते त्याची देखभालही संपते. जमिनीखाली असलेली वस्तू दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूसाठी कोणी भांडत नाही.

खुद्द खाम नदीचीही तीच अवस्था झाली. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीकडे जाणारी ही नदी शहरातून जाताना सांडपाण्याचा नाला बनली. अलीकडे, २०२१ च्या सुमारापासून, नागरिक व नगरपालन संस्था यांनी मिळून तिचा काठ स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु काठ स्वच्छ झाला तरी उगमाकडील पाणलोटाची काळजी घेतल्याखेरीज नदी वाहणार नाही, हे विसरता कामा नये.

देखभाल कोणाची?

येथे धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीची आठवण होते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी शेतीस देण्याची ही पद्धत काही शतके चालली. लाभक्षेत्राचे भाग म्हणजे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे आणि जागल्याने पाटाची राखण करावयाची असा तिचा रिवाज. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्याच्या कामी ज्याची जमीन भिजते त्या प्रत्येकाने हात लावावयाचा, हा त्यातील महत्त्वाचा नियम होता.

पाणचक्कीची नहर आणि फडाचा पाट यांतील भेद हा आहे. नहर सरदाराने बांधली, तकियाच्या उत्पन्नातून राखली, आणि उत्पन्नाची व अधिकाराची घडी बदलताच तिची निगा सैल झाली. फडाच्या पाटाची निगा शेतकऱ्यांनी आपापसांत वाटून घेतली. म्हणून राज्ये बदलली तरी पाट वाहत राहिला. फड पद्धतीलाही नदीचे पाणी आटल्यामुळे उतरती कळा लागली आहे हे खरे. तथापि जोवर पाणी होते तोवर देखभालीअभावी तिचा पाट बंद पडला नाही. बांधणाऱ्याचे कौशल्य पाणकामास जन्म देते. परंतु त्याचे आयुष्य राखणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असते.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी सूचना

आपल्या गावात पाणचक्की नसेल; परंतु झऱ्यावरून आणलेला नळ, लहान बंधारा, पाझर तलाव, गावतळे अथवा पाणीपुरवठ्याची वाहिनी यांपैकी काही तरी निश्चित असेल. त्यासंबंधी पुढील गोष्टी कराव्यात.

१. झऱ्याचे पाणी दर महिन्यास मोजावे. पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे. पाच सेकंदांत भरल्यास सेकंदास तीन लिटर पाणी आहे असे समजावे. हा आकडा वहीत तारखेसह लिहावा. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून झरा वाढतो आहे की आटतो आहे, हे कोणालाही कळेल.

२. झऱ्याच्या वरच्या उतारावर समतल चर काढावेत, गवत राखावे आणि चराईस आळा घालावा. झऱ्याच्या लगतच्या परिसरात नवी विंधनविहीर घेण्यापूर्वी ग्रामसभेत विचार व्हावा.

३. नळवाहिनी ज्या मार्गाने जाते त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा आणि मार्गावर दगडी खुणा रोवाव्यात. नळावर वड, पिंपळ, उंबर यांसारखी झाडे वाढू देऊ नयेत. त्यांची मुळे पाण्याच्या ओढीने सांध्यांत शिरतात व नळ फोडतात.

४. उंचवट्यावरील हवेच्या व सखल जागेवरील गाळाच्या झडपा वर्षातून निदान दोनदा, वैशाखात आणि दिवाळीनंतर, उघडून पाहाव्यात.

५. गाळ काढण्याचा एक दिवस ठरवून तो गावाचा दिवस मानावा. ज्या घरात ते पाणी जाते त्या प्रत्येक घरातील एका तरी माणसाने त्या दिवशी फावडे धरावे. श्रम देणे अशक्य असेल त्याने मोबदला द्यावा.

६. डोंगराळ भागात बारमाही ओढा व उतार असल्यास त्यावर लहान जलयंत्र बसविता येईल काय, याची चौकशी करावी. उत्तराखंडात जुन्या घराटांचे चाक सुधारून त्यांवर दळणाबरोबर काही किलोवॉट वीजही निर्माण केली गेली आहे, आणि या कामास केंद्र शासनाने साहाय्य दिलेले आहे. सह्याद्रीतील बहुतेक ओढे उन्हाळ्यात आटतात, म्हणून प्रथम वर्षभर पाणी मोजावे आणि मगच खर्चाचा विचार करावा.

समारोप

पाणचक्कीपुढे उभे राहिले असता पाहणाऱ्याचे लक्ष कोसळणाऱ्या धारेकडे जाते. ते स्वाभाविक आहे. परंतु त्या धारेमागे आठ किलोमीटरचा न दिसणारा नळ आहे, त्या नळामागे डोंगरात मुरलेला पाऊस आहे, आणि या दोहोंच्या मध्ये गाळ काढणारे, सांधे बुजविणारे, टाकी लावणारे, ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत असे असंख्य हात आहेत. बांधणाऱ्या सरदारांची नावे इतिहासात राहिली. राखणाऱ्यांची राहिली नाहीत. तरीही दगडाची तळी फिरली ती त्यांच्यामुळेच.

आपल्या गावातही दरवर्षी नवीन बंधाऱ्याचा नारळ फुटतो, फोटो निघतो, फलक लागतो. यंदा वैशाखात एकदा जुन्या बंधाऱ्याकडेही जावे, त्याच्या पोटातील गाळ पाहावा आणि चार शेजाऱ्यांना हाक मारून फावडे हाती घ्यावे. त्याचा फलक लागणार नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी असेल.